शकुनला विचारून भरावे

मी, भागीरथा बुधाजी खंडारे, वय चौऱ्याहत्तर, बी.ए., मुलींच्या सरकारी वसतिगृहाची सेवानिवृत्त अधीक्षिका, राहणार जुने शहर, अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके शाबूत आहे. पोट शाबूत नाही, त्याचे कागद कपाटाच्या वरच्या खणात आहेत आणि ते वाचून कोणी रडत बसू नये. कोणाच्या धाकाने, आमिषाने किंवा विनवणीने मी हे लिहीत नाही. वकिलांनी दिलेला नमुना चांगला होता, पण त्यात घराला अर्धे पान होते आणि माझ्या मुलीला एक ओळ. म्हणून तो बाजूला ठेवला. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझे पती बुधाजी, डाक खात्यातले, वारले त्याला बरीच वर्षे झाली. मला दोन मुले. थोरली शकुन, वय सत्तेचाळीस. सरकारी दाखल्यावर तिच्यापुढे बौद्धिक दिव्यांग असे लिहिले आहे. तिला स्वतःचे केस विंचरता येतात, कपडे घडी करते, माणूस एकदा पाहिला की विसरत नाही. पैसे तिला कळत नाहीत, रस्ता ओलांडता येत नाही. शब्द थोडे आहेत. धाकटा धर्मेंद्र, पुण्यात संगणकाच्या कंपनीत. सून रश्मी, तीही नोकरीत. त्यांना दोन मुले आहेत, माझी लाडकी.

हे मृत्युपत्र मालमत्तेसाठी नाही. माझ्यामागे शकुनचे काय, या एका प्रश्नासाठी आहे. त्याचे उत्तर मला सापडलेले नाही. सापडले असते तर नमुना पुरला असता.

२. घर. हे घर मी १९८६ साली चंद्रभान नावाच्या गृहस्थांकडून माझ्या पगारावर कर्ज काढून घेतले. ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता आहे, बुधाजींचा पैसा यात नाही. तेव्हाच ते जुने होते. न्हाणी बाहेर, जिना अरुंद, भिंतींना ओल, स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लागतो. चंद्रभान यांनी मागितलेली किंमत ऐकून बुधाजी म्हणाले होते, "या पैशात नव्या ले-आउटमध्ये दोन प्लॉट येतील. मोकळी हवा, रुंद रस्ते. तू विटांचा ढिगारा घेऊन राहिलीस."

त्यांचे खरे होते. फक्त नव्या ले-आउटमधला आम्ही पाहिलेला प्लॉट सकाळी शिल्लक होता आणि आमचे आडनाव ऐकल्यावर दुपारी विकला गेलेला होता. पण मी घर घेतले ते तेवढ्यासाठी नाही. अंगणातल्या विहिरीसाठी घेतले.

ज्यांना खारपाणपट्टा माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. या भागात जमिनीखाली खारे पाणी आहे. आमचे गाव बाळापूरकडे. तिथे गोड्या पाण्याची एकच विहीर होती आणि आम्हाला तिच्या काठावर जाता येत नसे. माझी आई घागर घेऊन खाली बसायची. येणारी-जाणारी कोणी ओतेल तेव्हा भरायची. मीही तिच्याशेजारी बसले आहे. अमरावतीला कॉलेजात गेले, तिथे वसतिगृहाच्या नळाखाली पहिल्या दिवशी इतका वेळ हात धरला की मागच्या मुली ओरडल्या. चंद्रभान यांनी बादली वर काढून माझ्या ओंजळीत पाणी ओतले, मी प्यायले, आणि किमतीत घासाघीस केली नाही. आयुष्यातला तेवढा एकच व्यवहार मी घासाघीस न करता केला.

चंद्रभान एक गोष्ट बजावून गेले. "हे गोडं पानी खाऱ्याच्या वरतं तरंगून राह्यलं, बाई. बादलीनं काढा. मोटर लावसान तं खालचं वर येईन." हे वाक्य मी घरात शेकडो वेळा सांगितले आहे. ते कोणी ऐकले नाही म्हणून हे कलम इतके लांबले.

३. घराचे आजचे मोल. गेली काही वर्षे दलाल आणि गिऱ्हाइके दारात येतात आणि या घराला जी किंमत सांगतात, तेवढ्यात शहराबाहेर बगिचासकट नवा बंगला येतो. मी प्रत्येकाला आत बसवून विचारले, का देता? एका डॉक्टरांना म्हातारी आई पायी दवाखान्यात, बाजारात जाऊ शकेल असे घर हवे होते. एक बाई नव्या कॉलनीत तीन वर्षे राहून परत आल्या होत्या. म्हणाल्या, "घर फर्स्ट क्लास आहे हो, पण नवरा बाथरूममध्ये पडला तर हाक कोणाला मारू?" एक जण या गल्लीत जन्मला होता आणि त्याला बाकी कारण नव्हते. बिल्डरने खरे सांगितले. त्याला घर नकोच होते, जागा हवी होती.

घर कोणालाच नको होते. घराभोवती जे आहे ते हवे होते, आणि ते वेगळे विकत मिळत नाही, म्हणून ओल आलेल्या भिंतींचे पैसे द्यायचे.

धर्मेंद्रनेही तेच केले. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेला, माझ्या नोकरीइतका जुना फ्लॅट त्याने अशा किमतीला घेतला की मला फोन ठेवावा लागला. पावसाळ्यात छत गळते. मी म्हटले, "डोकं फिरलं का तुझं?" तो म्हणाला, "आई, मुलांची शाळा खाली आहे, रश्मीचं ऑफिस जवळ आहे, शेजारचे आजोबा मुलांना घरी घेतात. तू काय घेतलं होतंस? न्हाणी बाहेर असलेलं घर!" त्या फ्लॅटचे कर्ज फेडायला त्याला माझे घर विकायचे आहे. त्यात पाप नाही. पण घर विकले तर शकुन तिसऱ्या मजल्यावर जाईल.

४. विहिरीचा रिवाज. घर घेतल्या दिवशी मी फाटक उघडे ठेवले आणि गल्लीला सांगितले, कोणीही या, कोणालाही विचारू नका. बरेच जण आले. बरेच आले नाहीत. समोरच्या लीलाबाई आल्या नाहीत. आमच्या विहिरीचे पाणी त्यांना चालत नव्हते. दोन वर्षे त्यांनी लांबून पाणी आणले आणि माझ्या फाटकावरून जाताना मान दुसरीकडे वळवली. ते मी विसरलेले नाही आणि मृत्युपत्रात लिहून ठेवते आहे.

तिसऱ्या उन्हाळ्यात लांबचे पाणी आटले. एके सकाळी लीलाबाई घागर घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. मी कपडे वाळत घालत होते. म्हटले, "काय लीलाबाई, आमचं पाणी चालेल का आता?"

"तुले कोन इचारून राह्यलं वो मॅडम?" त्या म्हणाल्या. मला ओलांडून गेल्या. विहिरीच्या काठावर शकुन बसली होती, दहा वर्षांची, दोर हातात धरून, तिला तो आवडायचा. लीलाबाई तिच्यापुढे वाकल्या. "शकुन, भरू का?"

शकुनने त्यांच्याकडे पाहिले. तोवर तिला कोणी काही विचारलेच नव्हते. सगळे तिला सांगत. बस, ऊठ, जेव, गप. ती खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भर." दोर सोडला.

मला विचारायला लागू नये म्हणून लीलाबाईंनी तिला विचारले, हे मला त्याच क्षणी कळले. बाकीच्यांनाही तेच सोयीचे झाले. वसतिगृहाच्या कडक बाईला विचारण्यापेक्षा पोरीला विचारणे सोपे. हळूहळू सगळी गल्ली विचारू लागली. नवी सून आली की सासू तिला आधी विहिरीवर आणायची, "ही शकुनताई, हिले इचारल्याबगर भरायचं नाई." मला टाळण्यासाठी सुरू झालेली गोष्ट माझ्या मुलीचा मान झाली. छत्तीस-सदतीस वर्षे ती रोज सकाळी केस विंचरून, स्वच्छ ओढणी घेऊन काठावर बसली, नोकरीवर जावे तशी. मी निवृत्त झाले, ती झाली नाही.

या घराची किंमत ही आहे. कोणत्याही दलालाला ती मांडता आली नाही.

५. मोटर. या एप्रिलमध्ये माझे पोटाचे ऑपरेशन अमरावतीला झाले. धर्मेंद्र रजा काढून शकुनजवळ राहिला. याबद्दल मी त्याची आभारी आहे. मी परत आले तेव्हा गच्चीवर काळी टाकी होती, विहिरीत मोटर होती आणि फाटकाबाहेर भिंतीला नळ होता.

"आई, आता कोणाला ओढायला नको. शकुनताईला उन्हात बसायला नको. नळ फिरवला की पाणी."

"आणि तिला विचारतं कोण?"

"आई, पाण्यासाठी विचारायचे दिवस गेले आता."

दलालानेही त्याला सांगितले होते की पाण्याची सोय दाखवली तर भाव चढतो. दोन्ही कारणे खरी होती. तो चांगला मुलगा आहे. शकुन काठावर बसली होती, हातात कोरडा दोर. लोक बाहेरच्या बाहेर भरून जात होते. मोटर सुरू झाली की ती मोटरीला म्हणायची, "भर."

मोटर मी तेव्हाच काढायला हवी होती, पण मला उठून बसता येत नव्हते आणि माझे कोणी ऐकत नव्हते. मे महिन्यात लीलाबाई जिन्याखालून ओरडल्या, "मॅडम वो, चहा फाटला! तुह्यं पानी खारं झालं!"

मोटर काढली. पावसाळा गेला. पाणी अजून खारे आहे. गल्लीत आता पाण्याचे जार येतात, वीस लिटरचे, निळे. फाटकात कोणी येत नाही. सुरुवातीला शकुन रस्त्याने जाणाऱ्यांना स्वतःच म्हणायची, "भर, भर." काही हसून जात. मग ती म्हणेनाशी झाली. अर्धीच भाकरी खाऊ लागली. केस मी विंचरते.

६. मी काय काय करून पाहिले, ते धर्मेंद्रला माहीत असावे म्हणून लिहिते. रश्मीशी बोलले. ती खरे बोलली. "आई, मी ताईंना उपाशी ठेवणार नाही. पण दिवसभर घरात कोणी नसतं. दार बाहेरून लावावं लागेल." रश्मी, तुझ्यावर माझा राग नाही. तू गोड बोलली असतीस तर राग आला असता.

अमरावतीला अशा प्रौढ मुलींची एक संस्था आहे, तिथे टाके दुखत असताना गाडीने आणि पुढे रिक्षाने गेले. जागा स्वच्छ होती. चादरी पांढऱ्या. मुली भिंतीला टेकून ओळीत बसलेल्या. मी जन्मभर वसतिगृह चालवले आहे. खोलीत शिरल्याबरोबर मला कळते की इथे मुलींना सांगतात की विचारतात. तिथल्या बाईंनी मला अर्ज दिला. मी घेतला आणि परतीच्या गाडीत अकोला येईपर्यंत हातात धरून बसले. अर्ज भरलेला नाही. फाडलेलाही नाही. हे खरे आहे म्हणून लिहिते. माझ्याजवळ दुसरे काही नसेल तर तोच आहे.

७. लीलाबाई. त्या माझ्याहून मोठ्या आहेत. दिवाळीनंतर एका सकाळी मला विहिरीवर चाकाचा आवाज आला. खिडकीतून पाहिले. लीलाबाई कमरेत वाकून शकुनपुढे उभ्या. "शकुन, भरू का?" शकुन बोलली नाही. लीलाबाई उभ्याच राहिल्या. मी दुधाचे पातेले उतरवून परत आले तरी उभ्याच होत्या. शेवटी शकुन म्हणाली, "भर."

मी खाली गेले. "लीलाबाई, खारं पाणी कशाला नेता?"

"सड्याले."

"सड्याला दोन घागरी?"

"माह्यं आंगन मोठं हाय."

त्यांच्या अंगणात दोन पाट मांडले तर तिसरा मावत नाही. त्या रोज येतात. शकुन त्या दिवसापासून सकाळची भाकरी पूर्ण खाते, संध्याकाळची नाही. पण त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे गेले आहेत. माझ्यामागे त्या किती दिवस घागर ओढतील? मी रात्री हाच विचार करते आणि पुढे काही सुचत नाही.

८. व्यवस्था. वरील कारणांवरून मी असे ठरवते:

(अ) हे घर शकुन हयात असेपर्यंत तिच्या वास्तव्यासाठी राहील. ते विकता, गहाण टाकता, पाडता किंवा बिल्डरला देता येणार नाही. तिच्या पश्चात ते पूर्णपणे धर्मेंद्रचे. धर्मेंद्र, तू कोर्टात जाऊ शकतोस. मी वकिलांना विचारून ठेवले आहे, हरशील. तुझे कर्ज मला दिसत नाही असे नाही. त्यासाठी माझ्या बँकेतील ठेव तुझ्या नावे करते. ती पुरणार नाही, हेही मला माहीत आहे.

(ब) माझ्या पश्चात शकुनला कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे यासाठी कागद दिलेले आहेत. ते तिच्यावरच खर्च व्हावे. धर्मेंद्र तिचा कायदेशीर पालक असावा, अशी माझी संबंधित समितीला विनंती आहे.

(क) वरचा मजला लीलाबाईंचा नातू श्याम आणि नातसून आचल यांना शकुन हयात असेपर्यंत विनाभाडे राहण्यास द्यावा. ते सध्या शहराबाहेर भाड्याच्या खोलीत राहतात, टँकरचे पाणी विकत घेतात. आचलने शकुनचे जेवण, अंघोळ, औषध पाहावे. त्याचा वेगळा मोबदला निवृत्तिवेतनातून द्यावा. आचलशी मी समोर बसून बोलले. तिला विचारले, विहिरीवर रोज शकुनला विचारशील का? दुसरी कोणी झटकन हो म्हणाली असती. ती म्हणाली, "मॅडम, खोटं काहून बोलू? ताईचं सगळं करीन मी. पन घरात जार असल्यावर रोज घागर घेऊन जानं होईन का, मले नाई सांगता येत. लेकरू आजारी पडलं, गडबड झाली, तं राहून जाईन." मी तिला यासाठीच निवडले.

(ड) वकील म्हणाले की रोज विचारावे अशी अट कायद्याने बांधता येत नाही, तिची अंमलबजावणी कोण करणार. मी त्यांना म्हटले, तरी लिहा. त्यांनी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते: या घरात पाणी भरणाऱ्याने, पाणी गोडे असो वा खारे, आधी शकुनला विचारावे. ही अट नाही. मी कोणाच्या पाया पडत नसते. इथे पडते आहे.

९. किरकोळ. माझे दोन तोळे सोने रश्मीला. पुस्तके गल्लीतील ज्याला हवी त्याला. वसतिगृहाची पितळी घंटा, जी मला निरोपसमारंभात मुलींनी दिली, ती आचलला. शकुन जेवायला त्याच आवाजावर येते. मोटर आणि काळी टाकी धर्मेंद्रने पुण्याला न्यावी. विहिरीचे चाक व दोर कोणाचेही नाहीत, ते शकुनचे.

१०. माझे शेवटचे. अंत्यविधीला मोठेपणा नको. बुद्धवंदना पुरे. नंतरच्या माझ्या जलदान विधीला बाहेरचे पाणी आणू नये, जार तर मुळीच नको. याच विहिरीचे घ्यावे. धर्मेंद्रने स्वतः घागर घेऊन काठावर जावे आणि शकुनपुढे वाकून विचारावे, "शकुनताई, भरू का?" ती लगेच बोलणार नाही. थांबावे. नातेवाइकांना घाई असेल, गाड्या असतील, भन्तेजींना पुढे जायचे असेल. थांबावे. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी हो म्हणू नये. ती "भर" म्हणेपर्यंत माझा विधी सुरू करू नये आणि मी गेले असेही समजू नये. धर्मेंद्र, एकदा तिथे उभा राहिलास की या घराची किंमत तुला कोणी समजावून सांगावी लागणार नाही. मग तुझ्या मनात येईल ते कर. त्यापुढे माझे हात पोचत नाहीत.

लीलाबाईंना मी या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही. त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकिलांनी सांगितले. त्यांना हे कळवले तेव्हा त्या म्हणाल्या, "मले काय पायजे तुह्यं? पानी तं मी शकुनले इचारून घेतो."

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: जुने शहर, अकोला
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

(सही) भागीरथा बुधाजी खंडारे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. किशोर तायडे, अकोला. मी लिहून देणाऱ्या बाईंना तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर असून त्यांना मजकुराची समज आहे.

२. (सही) लीलाबाई, समोरचे घर. यांना फक्त सही येते, पुढील मजकूर त्यांच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी जसाच्या तसा लिहिला:

"मॅडमनं माह्यासमोर सही केली. त्यायचं डोकं ठिकानावर हाय, जीभ बी हाय. सही करायच्या आंदी मले तहान लागली तं मी भाईर जाऊन शकुनले इचारलं. लई वेळ लावला पोरीनं. मंग म्हनली, भर. प्यालो. खारंच हाय. उद्या परत इचारतो."